गळकी शेंग

१२ फेब्रुवारी

कारखान्यात शिफ्ट संपली की पुढच्या माणसासाठी चार ओळी लिहून ठेवाव्या लागत. कुठलं मशीन कुरकुरतंय, कुठला पट्टा बदलला, कशाला हात लावायचा नाही. कारखाना बंद पडला, पुढचा माणूस राहिला नाही, पण संध्याकाळ झाली की हात शिवशिवतात. म्हणून हे. वाचणारं कोणी नसल्यामुळे निदान खरं लिहिता येईल.

आज नव्या नोकरीचा पहिला दिवस. मेहुण्याच्या ओळखीनं मिळाली. इतकी वर्षं पाण्याचे पंप बनवले, आता गांडूळ बनवायचं आहे. म्हणजे रबराचं. शहरात जमिनीखाली जुने पाण्याचे पाइप आहेत आणि कुठं तडा गेलाय ते शोधायला दर वेळी रस्ता खणावा लागतो. त्याऐवजी पाइपात गांडुळासारखं सरपटणारं यंत्र सोडायचं, त्याच्या तोंडाशी कॅमेरा बसवायचा, असा बेत आहे.

प्रयोगशाळा म्हणजे एक लांबोळकी खोली. अर्ध्या भागात मातीनं भरलेले लाकडी खोके, अर्ध्या भागात माझं टेबल आणि हवेचा पंप. दारातून शिरलं की ओल्या मातीचा वास, थोडं पुढं गेलं की तेलाचा. इथल्या मुख्य आहेत त्यांना सगळे ‘बाई’ म्हणतात. पन्नाशीच्या, बुटक्या, नखांत माती. दुसरी एक मुलगी आहे पंचविशीतली, ती कोपऱ्यात संगणकावर गणितं मांडत बसते. मी मनात तिचं नाव गणितवाली ठेवलं. तिनं पहिल्या मिनिटाला मला काका करून टाकलं.

बाईंनी एक गांडूळ तळहातावर घेतलं आणि म्हणाल्या, “याला हाडं नाहीत, पाय नाहीत, डोळे नाहीत. तरी कुठंही शिरतं. कसं, ते मला अजून पुरतं कळलेलं नाही.”

मुख्य माणूस पहिल्याच दिवशी ‘मला कळलेलं नाही’ म्हणतो, हे मी आयुष्यात प्रथमच ऐकलं. आमच्या फोरमनला एखादी गोष्ट कळली नाही की तो आमच्यावर ओरडायचा.

घरी आल्यावर हिला सांगितलं. ही चष्म्याच्या दुकानात काम करते. म्हणाली, “दुकानात कोणी विचारलं, तुमचे मिस्टर काय करतात, तर काय सांगू?”

“सांग, संशोधन करतात.”

“आणि कशाचं विचारलं तर?”

“तर त्यांना दुसरी फ्रेम दाखव.”

१९ फेब्रुवारी

आज काहीच काम केलं नाही. दिवसभर गांडूळ बघितलं, आणि त्याचा पगार मिळणार आहे.

बाईंनी त्याला काचेच्या नळीत सोडलं. त्याचं अंग म्हणजे एकापुढं एक कडी. काही कडी फुगून आखूड होतात आणि नळीच्या भिंतीला घट्ट बसतात. त्यांच्या पुढची कडी बारीक होऊन लांबतात, की डोकं पुढं सरकतं. मग पुढचा भाग फुगून बसतो आणि मागचं अंग ओढून घेतो. ही फुगण्याची लाट डोक्याकडून शेपटीकडे जाते. म्हणजे लाट मागं चालली आहे आणि प्राणी पुढं. माझा विश्वास बसेना. मी चष्मा पुसून परत बघितलं.

मग त्यांनी मला त्याच्या पोटावरून उलट्या दिशेनं बोट फिरवायला लावलं. दोन दिवसांच्या दाढीसारखं खरखरीत लागलं. एवढ्याशा केसांवर सगळा भार.

एक गांडूळ मात्र रुंद नळीत वेडंवाकडं झालं. बाईंनी ते उचलून खोक्यात ठेवलं. म्हणाल्या, “सरळ जाणारी तेवढी बघा. वाकडी जातात ती थकलेली असतात, ती मोजायची नाहीत.” बाईंनी यावर एक जाडजूड पुस्तक लिहिलंय, हे गणितवालीनं नंतर सांगितलं. ‘सरळ चाल’ हा त्यांचाच सिद्धांत आहे म्हणे. बाहेरचे लोकही त्यांना त्यावरूनच ओळखतात.

८ मार्च

यंत्र तयार झालं. रबराची सात कडी, प्रत्येक कड्याला हवेची वेगळी नळी, पोटाला तारेचे बारीक केस. हवा आत गेली की कडं फुगतं, सोडली की लांबतं. टेबलावर आडवं ठेवलं तेव्हा गणितवाली म्हणाली, “काका, ही तर मटारची शेंग!” झालं, नाव पडलं. शेंग.

काचेच्या बारीक नळीत शेंग अगदी ऐटीत गेली. जोड मी स्वतः बसवले आहेत, एक फुंकरसुद्धा बाहेर जाणार नाही. पंप बनवणाऱ्या माणसाला हवा आणि पाणी या दोनच गोष्टींची भीती असते: जिथून जायला नको तिथून जातात. आमच्याकडे गळका पंप परत आला की तो टेबलाच्या मधोमध ठेवायचे, सगळ्यांना दिसावा म्हणून. माझा कधी ठेवला गेला नाही. हे मी घमेंडीनं लिहीत नाही. बरं, लिहितो.

२१ मार्च

पाणीखात्याची समिती आली. त्यांचे मुख्य इंजिनिअर इतके टापटीप की बुटांवर माझा चेहरा दिसत होता. त्यांनी आपल्या गाडीतून खऱ्या लोखंडी पाइपाचा एक लांब तुकडा आणला होता. आमच्या काचेच्या नळीपेक्षा बराच रुंद, आतून बुळबुळीत. “यात चालवा,” म्हणाले. आधी कळवलं नव्हतं.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी शेंग आत सोडली. लोखंडातून काय दिसणार! पंपाची फुस्स फुस्स ऐकत सगळे उभे. टापटीप साहेबांनी दोनदा घड्याळ बघितलं. आणि शेंगेचं डोकं दुसऱ्या टोकाला बाहेर आलं. चक्क टाळ्या झाल्या. साहेब म्हणाले, “काम पुढं न्यायला हरकत नाही, पण मेच्या सुरुवातीला परत बघू. तेव्हा याहून लांब पाइप असेल.”

पाइप आमच्याकडेच ठेवून ते गेले, तेव्हा गणितवाली एकटीच परत संगणकासमोर जाऊन बसली. मी म्हटलं, “काय गं, आनंद नाही झाला?”

“झाला ना,” ती म्हणाली, “पण माझ्या गणिताप्रमाणे ती तिथं जायलाच नको होती.”

म्हटलं, गणित पुन्हा कर.

२३ मार्च

शेंग धुताना चौथ्या कड्याजवळ बारीक सूं सूं ऐकू आलं. साबणाचा फेस लावला तर बुडबुडे. गळती! माझ्या जोडाला! समितीसमोर आम्ही गळकं यंत्र चालवलं, नशीब कोणाला कळलं नाही. तसं बाईंना लगेच सांगितलं. त्या म्हणाल्या, “बरं, करा दुरुस्त.” त्यांना त्याचं काहीच वाटलं नाही. मला रात्रभर वाटत राहिलं.

जोड नव्यानं केला. आता शेंग निर्दोष आहे.

२८ मार्च

शेंग लोखंडी पाइपात जात नाही.

तोंडापासून वीतभर आत जाते आणि जागच्या जागी फुगत बसते. पंप चालतो, कडी चालतात, लाट जाते, शेंग तिथंच. पाइपात तेलकट काही सांडलं असणार.

४ एप्रिल

पाइप धुतला, वाळवला, परत ओला केला. पोटाचे केस बदलले. पंप उघडून साफ केला, नवी गाळणी घातली. हवेचा दाब वाढवला. साबणाचा फेस घेऊन सातही कड्यांची पाहणी केली, एक बुडबुडा नाही. यंत्र पूर्वीपेक्षा चांगलं आहे आणि काम पूर्वीपेक्षा वाईट. असं पंपाचं कधी होत नाही.

बाई रोज येऊन स्टुलावर बसतात आणि शेंगेचं अडणं बघतात. कारखान्यात असं कोणी मागं उभं राहिलं की समजावं, उद्या आपल्याला बोलावणं आहे. आज त्यांनी विचारलं, “अडते तेव्हा आधी कुठलं कडं घसरतं?” मी म्हटलं, बघितलं नाही. “बघा ना,” म्हणाल्या. राग आवरून बोलत असाव्यात.

घरी फोरमनचा फोन. त्यानं दुसऱ्या गावी पंपांचा स्वतःचा कारखाना काढलाय. “सगळं खातं तुझ्या हातात देतो. महिनाअखेर कळव. पाइपात रबर घुसवणं हे काय काम आहे का?”

म्हटलं, कळवतो.

८ एप्रिल

आज मी गणितवालीवर चिडलो. मी पंप तिसऱ्यांदा उघडत होतो आणि ती शेजारी बसून शेंगदाणे खात होती.

“काका, तुम्ही ती का चालत नाही ते शोधताय.”

“मग काय शोधू?”

“रुंद पाइपात सरळ शेंग फुगली तरी वरच्या भिंतीला पोचत नाही. नुसती तळाशी लोळते, आणि तळ बुळबुळीत. न चालणं बरोबरच आहे. त्या दिवशी ती चालली कशी, ते शोधा.”

मी पाना खाली ठेवला. इतके दिवस मी उलट्या बाजूनं सोलत होतो.

त्या दिवशी आणि आज यात फरक काय? पाइप तोच. पंप तोच. केस तेव्हा जुने होते, पण जुने लावूनही बघितलं. घरी येताना रस्त्यात लक्षात आलं आणि मी फुटपाथवर थांबलो. मागून येणारी कोणी अनोळखी बाई माझ्यावर आदळली. तिची माफी मागितली, पण कशाबद्दल ते तिला नीट सांगता आलं नाही.

९ एप्रिल

आधी पाट्या बनवणाऱ्याच्या दुकानातून लोखंडी पाइपाएवढीच रुंद पारदर्शक नळी आणली. मग दाभण घेतलं आणि चौथ्या कड्याजवळ, माझ्याच जोडाशेजारी, भोक पाडलं.

हे लिहायला सोपं आहे. दाभण टेकवून मी बराच वेळ बसलो होतो. गणितवाली म्हणाली, “मी करू का?” मी म्हटलं, “नको. माझं आहे, मीच करतो.”

शेंग सोडली. पहिली तीन कडी फुगली, मागची तीन फुगली, चौथं मऊच राहिलं. मागून जोर आला आणि शेंग त्या मऊ जागी कोपरासारखी वाकली. कोपर वरच्या भिंतीला जाऊन टेकलं, डोकं आणि शेपूट खाली दाबली गेली, आणि सगळी शेंग नळीत पाचरीसारखी घट्ट बसली. मग डोकं पुढं सरकलं. परत वाकली, परत टेकली, परत सरकली. काय दिसत होतं म्हणून सांगू! लोखंडाच्या आत त्या दिवशी हे असं चाललं होतं आणि आम्ही बाहेर उभे राहून घड्याळ बघत होतो.

गणितवाली टेबलावर हात आपटत होती. मी पण आपटला असावा, तळहात दुखतोय.

१० एप्रिल

बाईंना दाखवलं. त्यांनी बघितलं. “परत.” परत दाखवलं. “परत.” पाच-सहा वेळा झालं. मग त्या आपल्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं.

मी गणितवालीकडे बघितलं. ती हळूच म्हणाली, “काका, वाकडं जाऊन चालता येतं, असं आपण त्यांना दाखवलं. त्यांच्या पुस्तकात काय आहे आठवतंय ना?”

आठवलं. थकलेली. मोजायची नाहीत.

शेंग रबराची आहे, ती काही गांडूळ नव्हे, असं मी मनाशी म्हणत होतो. पण ज्या बाईनं मला पहिल्या दिवशी खरं सांगितलं, तिच्या इतक्या वर्षांच्या कामावर मी दाभण चालवलं, एवढंच दिसत होतं.

१२ एप्रिल

बाईंचं दार बंदच. सकाळी गणितवालीकडून निरोप: काकांकडच्या सगळ्या रुंद नळ्या आणि जास्तीचा दिवा पाठवा. पाठवले. निघून जाणाऱ्या माणसाकडून सामान परत घेतात, तसं वाटलं. दुपारी बाई गांडुळांचे दोन खोके स्वतः उचलून आत घेऊन गेल्या. मी “बाई, मी घेतो” म्हणत पुढं झालो, तर त्यांना मी दिसलोच नाही. जेवायलाही बाहेर आल्या नाहीत. संध्याकाळी दाराबाहेर उभा राहिलो तर आत त्या एकट्याच मोठ्यानं हसल्या. फोनवर असतील. कोणाला तरी माझ्या जागी बोलावत असतील.

माझे स्वतःचे पाने पिशवीत भरून ठेवले.

१४ एप्रिल

हिच्याशी बोललो. म्हटलं, “फोरमनला हो कळवून टाकतो. ओळखीचं काम आहे. इथं बाई आता बोलत नाहीत.”

ही चष्म्याची काच पुसत होती. म्हणाली, “मला विचारताय की सांगताय?”

“विचारतोय.”

“मग ऐका. कारखान्यात होता तेव्हा घरी येऊन एकदा तरी पंपाबद्दल बोलला होता का? हल्ली जेवताना चमचा वाकवून गांडूळ कसं चालतं ते दाखवता.”

“त्याचं इथं काय?”

“काही नाही,” ही म्हणाली आणि दुसरी काच पुसायला घेतली.

तिला काय म्हणायचं होतं ते कळलं नाही. चमच्यांबद्दल रागावली असेल. चार वाकलेत खरे.

१६ एप्रिल

सकाळी बाईंनी आत बोलावलं. मी पिशवी बरोबरच घेतली.

त्यांच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. जमिनीवर, टेबलावर, खिडकीत, सगळीकडे माझ्या नळ्या, आणि प्रत्येकीत एक गांडूळ. बाईंचे केस विस्कटलेले, बाहीवर माती. “बसा,” म्हणाल्या, आणि मग लक्षात आलं की बसायलाही जागा नाही, तेव्हा “उभे राहा” म्हणाल्या.

“ही बारीक नळी. सरळ जातंय ना? आता ही रुंद.”

रुंद नळीत गांडूळ आधी थोडं घसरलं. मग त्याच्या अंगाचा मधला भाग सैल पडला, ते वाकलं, एका भिंतीला टेकलं, आणि हळूहळू पुढं निघालं. हुबेहूब शेंग.

“आता हे बघा. तेच परत बारीक नळीत घालते.” ते तरतरीत सरळ गेलं. “थकलंय का हे?”

“दिसत नाही तसं.”

“नव्हतंच थकलेलं. कुठलंच नव्हतं. जागा रुंद आहे हे त्यांना कळत होतं, मला कळत नव्हतं. मी मात्र त्यांना उचलून बाजूला ठेवत होते.” बाईंनी बाहीवरची माती झटकली. “पहिल्या संध्याकाळी रडले, खोटं कशाला सांगू. घरी जाऊन पुस्तक भिंतीवर फेकलं. सकाळी उठले आणि एकदम घाई झाली. खरं काय ते बघायची. तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाहीये. तुमच्याशी बोलायचंही राहून गेलं, नाही का?”

मी म्हटलं, “मला वाटलं, तुम्ही मला काढणार.”

“काढणार? का?” त्यांना खरोखरच कळेना. मग त्यांची नजर पिशवीकडे गेली. “यात काय आहे?”

“पाने.”

“छान. मग असं करा. सातही कड्यांना हवं तेव्हा मऊ करता येईल अशी काहीतरी सोय बसवा. भोक नको. भोक बंद करता येत नाही.”

मी दिवसभर व्हॉल्व्हसाठी रबराच्या चकत्या कापल्या. घरी येऊन फोरमनला फोन केला. नाही म्हणून सांगितलं.

“गांडुळासाठी?” त्यानं विचारलं.

“हो.”

मग म्हणाला, “घरी सगळं बरं आहे ना?”

ही शेजारीच होती. मी फोन ठेवल्यावर म्हणाली, “मी माझ्या दुकानात आठवड्यापूर्वीच सांगून टाकलं होतं, आम्ही कुठंही जात नाही म्हणून.”

३० एप्रिल

प्रत्येक कड्याला एक चिमुकला व्हॉल्व्ह बसवला, नखाएवढा. तो उघडला की कडं मऊ, मिटला की ताठ. आता गळती आमच्या मर्जीची. इतकं नाजूक काम मी आजवर केलं नव्हतं. बारीक पाइपात शेंग सरळ जाते, रुंद पाइपात वाकते. गणितवालीनं गणित नव्यानं मांडलं, आणि या वेळी ते आणि शेंग यांचं भांडण नाही.

पण परवा समिती येणार. बाई म्हणतात, मागच्या वेळी काय झालं ते सगळं सांगायचं. मी म्हटलं, शेंग आता चालतेय, मग गळतीचं कशाला काढायचं? बाई म्हणाल्या, “मग त्यांना वाटेल आपण हे आधीपासून ठरवून केलं. ठरवून कुठं केलं?”

२ मे

बाईंनी सांगितलं. सगळं. माझा जोड गळत होता हे, आणि त्यांचं पुस्तक चुकलं हेसुद्धा. तसं छापून कळवणार आहेत असंही. समितीतला एक जण दुसऱ्याच्या कानाला लागला. टापटीप साहेबांचा चेहरा ताणला.

“म्हणजे मागच्या वेळचं यश हा अपघात होता,” ते म्हणाले. “आणि आता आम्ही गळकं यंत्र घ्यायचं?”

“गळकं नाही, वाकणारं,” बाई म्हणाल्या आणि अंगातल्या सैल पडणाऱ्या स्नायूंबद्दल बोलू लागल्या. साहेब खिडकीबाहेर बघायला लागले. मला दिसत होतं की हातातून जातंय.

मला चारचौघांत बोलता येत नाही. लग्नातही माझ्या वतीनं मेहुणाच बोलला होता. पण आमच्या खोलीत दोन लोखंडी कपाटं समोरासमोर आहेत, मध्ये माणूस जाईल एवढी वाट. मी बूट काढले, त्या वाटेत शिरलो, पाठ एका कपाटाला लावली, पाय दुसऱ्याला, आणि गुडघे वाकवून चढायला सुरुवात केली.

“अहो, काय करताय! पडाल!” साहेब ओरडले.

“पाय सरळ करून उभा राहिलो तर वर जाणार नाही साहेब,” मी वरून म्हटलं. “दोन्हीकडे पोचायचं तर वाकावं लागतं. वाकलोय म्हणून टिकलोय. शेंग एवढंच करते.”

साहेब वाटेत येऊन वर बघत उभे राहिले. कपाट कुरकुरत होतं. गणितवालीनं ते धरून ठेवलं होतं. मग साहेबांनी आपला एक हात एका कपाटाला लावला, कोपर दुसऱ्याला, आणि जरा दाबून बघितलं.

“खाली या,” म्हणाले. “रस्त्यापलीकडे आमचा एक बंद पडलेला पाइप आहे. त्यात चालवून दाखवा. आरपार गेली तर पुढचं बोलू.”

खाली येताना मात्र पडलो. फार नाही.

२३ मे

आज चाचणी. पाइप आमच्या आवारातून निघतो आणि रस्त्याखालून जाऊन पलीकडच्या गॅरेजमागं उघडतो. अलीकडच्या खड्ड्यापाशी बाई, शेंगेच्या हवेच्या नळ्यांचा जुडगा हातात घेऊन. त्यांच्या शेजारी गणितवाली, कॅमेऱ्याच्या पडद्यासमोर. पलीकडे मी आणि टापटीप साहेब, फोन कानाला लावून.

आधी अर्ध्या वाटेपर्यंत छान. गणितवाली फोनवर सांगत होती: गंज, गंज, एक जुना जोड, गंज. मग म्हणाली, “थांबली.”

“का?”

“माहीत नाही. इथं पाइप एकदम रुंद झालाय. डोकं हलतंय, पुढं जात नाही.”

मी व्हॉल्व्ह कुठले उघडायचे ते सांगितलं. काही नाही. दाब कमी करायला सांगितला. काही नाही. बाईंचा आवाज आला, “ओढून घेऊ का मागं?” मी काही म्हणायच्या आत साहेबांनी माझ्या हातातून फोन घेतला. “नका, नका. जरा बघू द्या काय करते ती.” आणि ते त्या स्वच्छ कपड्यांनिशी गॅरेजमागच्या तेलकट जमिनीवर आडवे झाले आणि पाइपाच्या तोंडाला कान लावला. मीही दुसऱ्या बाजूनं लावला. गॅरेजमधला मेकॅनिक गाडीखालून डोकं काढून आमच्याकडे बघत राहिला.

बराच वेळ फक्त फुस्स फुस्स. मग फोनमधून गणितवालीची किंकाळी, “निघाली!”

कशी निघाली ते कोणाला कळलं नाही. त्या शेवटच्या खटपटीनंतर आम्ही काहीच बदललं नव्हतं. पाइपातून खरखर जवळ येत गेली आणि शेंगेचं डोकं बाहेर आलं, गंजानं लाल, चिखलानं माखलेलं. साहेबांनीच ते दोन्ही हातांत धरलं. त्यांच्या सदऱ्याची पार वाट लागली होती. म्हणाले, “वाटेत तीन ठिकाणी तडे दिसले, ऐकलंत ना? आम्हाला एकच माहीत होता.” मग थोड्या वेळानं, “पुढच्या आठवड्यात दुसरा पाइप देतो. त्याला वळण आहे.” काम मिळालं, असं बाई म्हणाल्या. रस्ता ओलांडून त्या धावत आल्या होत्या. सगळ्यांनी गॅरेजमध्येच उभ्याउभ्या चहा घेतला आणि सगळे एकदम बोलत होते.

घरी आलो. हिनं दारातच विचारलं, “आली बाहेर?”

“आली. पण मध्ये थांबली होती.”

“आली ना? मग तोंड असं का?”

“का थांबली ते कळत नाही. आणि का निघाली, तेही.”

ही माझ्यासमोर बसली. “चित्र काढून दाखवा.” मी पाइप काढला, रुंद जागा काढली, शेंग काढली, मागं जाणाऱ्या नळ्या काढल्या, रस्त्याच्या अलीकडे बाई काढल्या. मी सांगायला तोंड उघडलं तर म्हणाली, “थांबा. आधी मला अंदाज करू द्या.” दुकानातली नजर लावून तिनं चित्र जवळ धरलं, मग लांब धरलं.

“शेंगेच्या नळ्या मागं कुठंतरी अडकल्या असतील,” ती म्हणाली. “पदर दारात अडकतो तसं. माणूस पुढं ओढत राहतं, नजर पुढंच, आणि अडकलेलं असतं मागं.”

“छे. नळ्या सैल होत्या.”

“तुम्ही बघितल्या?”

“मी पलीकडे होतो. बाईंच्या हातात होत्या.”

“मग त्यांनी बघितल्या?”

त्यांनी बघितल्या नसणार. त्याही पडद्याकडेच बघत असणार. आम्ही सगळेच डोक्याकडे बघत होतो.

तिचा अंदाज बहुतेक चुकीचा आहे. सकाळी लवकर जाऊन करून बघतो.